उद्याच्या विकासाचं भाडं आज कशाला?

पत्र थोडक्यात: चौतिशीतल्या एका वाचक भगिनीचं हे पत्र. नाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. नवरा, पहिलीतला मुलगा आणि सासूबाई असं चौघांचं कुटुंब सात वर्षं कोथरूडमध्ये तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहतंय. इमारत जुनी, लिफ्ट नाही, भाडं २२ हजार. आता ती रिडेव्हलपमेंटला चालली आहे आणि मालकांनी मेअखेर घर रिकामं करायला सांगितलंय. कोथरूडमध्येच लिफ्टवालं नवं घर बघावं, तर ३५-३६ हजारांच्या खाली कुणी बोलत नाही. यजमानांची नोकरी हिंजवडीच्या फेज तीनमध्ये. जाऊन-येऊन रोजचे तीन तास रस्त्यात जातात. त्यांना पुनावळ्यात एका नव्या टॉवरमध्ये एकोणिसाव्या मजल्यावर टू बीएचके मिळतोय. भाडं २६ हजार, डिपॉझिट एक लाख. कोरं घर, मॉड्युलर किचन, खाली स्विमिंग पूल, क्लबहाऊस. एजंट म्हणतो, 'एरिया डेव्हलप होतोय. मेट्रो आली की हेच घर चाळीसला जाईल, आत्ताच घ्या.' यजमान तयार आहेत. सासूबाई म्हणतात, 'एवढ्या उंचावर राहायला आपण काय कबुतरं आहोत?' बाईंचं स्वतःचं ऑफिस डेक्कनला. त्या लिहितात: 'माझं मी जमवून घेईन. पण मनातून होकार येत नाही. सगळे पुढे चाललेत आणि मीच जुनं धरून बसलेय, असं तर नाही ना?'

*

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना सासूबाई आवडल्या. दुसऱ्यांदा वाचताना 'माझं मी जमवून घेईन' या तुमच्या वाक्यापाशी अडखळले. त्या वाक्याकडे मी येणारच आहे, पण आधी एजंटसाहेबांचा समाचार घेऊ.

'एरिया डेव्हलप होतोय, आत्ताच घ्या' हे वाक्य मी वाकडबद्दल ऐकलंय, बाणेरबद्दल, खराडीबद्दल, वाघोलीबद्दल ऐकलंय. आणि ते पुष्कळदा खरंही ठरलंय. ज्यांनी तेव्हा घेतलं ते आज मिशीला तूप लावून बसलेत. फक्त त्यांनी 'घेतलं' म्हणजे विकत घेतलं होतं. विकत घेणारा माणूस चार पावसाळे चिखल तुडवतो, टँकरचे पैसे भरतो, शेजारच्या प्लॉटवरच्या बांधकामाची धूळ खातो; कारण पुढे रस्ता झाला की किंमत त्याच्या घराची वाढणार असते. तुमचं काय वाढणार? करार अकरा महिन्यांचा. रस्ता झाला, मेट्रो आली, शेजारी मॉल उघडला, तर वाढेल ते भाडं, आणि ते भरायचं तुम्ही. एजंट स्वतःच सांगतोय की, चाळीसला जाईल म्हणून! गैरसोयीची वर्षं तुम्ही काढायची आणि सोय झाली की घर परवडेनासं व्हायचं, हा सौदा तो तुम्हाला आमिष म्हणून दाखवतोय.

भाडेकरूनं विकासाची वाट बघू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या दिवशी सामान हलवाल त्या दिवशी तिथे जे आहे, तेवढ्याचंच भाडं द्यायचं. स्विमिंग पूल भरलेला असेल तर पूल, नाही तर तो खड्डा. फूटपाथ असेल तर फूटपाथ.

मेट्रोचंच घ्या. हिंजवडी ते शिवाजीनगर या तिसऱ्या मार्गिकेचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं. साधारण २३ किलोमीटरचा मार्ग, तेवढीच स्थानकं, आणि तेव्हापासून तारखांवर तारखा ऐकतोय आपण. पण तो मुद्दा सोडा. ती मार्गिका पुनावळ्यातून जातच नाही. ती हिंजवडीतून वाकड चौक, बालेवाडी, बाणेर करत विद्यापीठाकडे येते. म्हणजे पुनावळ्याहून आधी हायवे ओलांडून वाकडला यायचं, गाडी लावायला जागा शोधायची, आणि मग मेट्रो. उलट आज तुम्ही राहता तिथून वनाझचं स्थानक जवळ आहे आणि तिथली मेट्रो डेक्कनला थांबते. ज्या मेट्रोसाठी तुम्हाला पुनावळ्याला बोलावतायत ती तुमच्या दाराशी आधीच आलेली आहे, हे या सगळ्या गडबडीत कुणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

आता तुमचं वाक्य.

यजमानांचे तीन तास तुम्ही पत्रात नीट मोजून लिहिलेत. स्वतःचे मात्र लिहिलेच नाहीत, ते मी अंदाजानं मोजते. आज कोथरूड ते डेक्कन जाऊन-येऊन चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. पुनावळ्याहून डेक्कनला गर्दीच्या वेळी एका बाजूचाच सव्वा-दीड तास धरा. यजमानांचं पुनावळे ते फेज तीन अंतर कागदावर फार नाही, पण पुनावळ्याचा हायवेखालचा अंडरपास किंवा भूमकर चौक सकाळी नऊ वाजता ज्यानं बघितलाय तो किलोमीटरमध्ये बोलत नाही. तरी त्यांचे तीन तासांचे सव्वा तास झाले असं समजू. तुमचा पाऊण तास पावणेतीन तासांवर जातो. बेरीज करून बघा: आज दोघांचे मिळून पावणेचार तास, उद्या चार. घराचा प्रवास कमी होत नाही. तो फक्त त्यांच्या खांद्यावरून तुमच्या खांद्यावर येतो.

यात वाईट काही नाही, ठरवून केलं तर. इतकी वर्षं त्यांनी ओढलं, आता थोडं मी, असं तुम्हाला मनापासून वाटत असेल तर जरूर करा. पण मग दुसरी गोष्टही बोलून घ्या. ज्याचं ऑफिस घराजवळ, घर त्याच्या गळ्यात, हा आपल्याकडचा न लिहिलेला नियम आहे. शाळेतून फोन आला की कोथरूडमध्ये तुम्ही वीस मिनिटांत पोचता. पुनावळ्यात ते पोचतील. मुलाला ताप, सासूबाईंची डॉक्टरची वेळ, प्लंबर येणार म्हणून घरी थांबणं हे सगळं आता त्यांच्याकडे जाणार. त्यांना हे माहीत आहे का? की दीड तास लांब बसून फोनवरून तेही तुम्हीच 'जमवून घेणार' आहात? आणि त्यांना आठवड्यातून किती दिवस ऑफिसला जावं लागतं, हेही तुम्ही लिहिलेलं नाही. पाचही दिवस असेल तर तीन तासांचं गणित खरं. तीनच दिवस असेल तर अख्खं घर हलवण्याचं कारण निम्म्यावर येतं.

थोडं सासूबाईंबद्दल. पत्र वाचताना माझा पहिला ग्रह असा झाला की त्यांना कोथरूडहून उपटणं बरोबर नाही. देऊळ, ओळखीची भाजीवाली, बागेतला कट्टा. मग तुमचं ते मधलं वाक्य वाचलं, की गुडघ्यांमुळे दिवाळीनंतर त्या डॉक्टरकडे सोडून खाली उतरलेल्याच नाहीत. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टशिवाय. मग कसलं कोथरूड आणि कसला कट्टा! त्यांचं कोथरूड म्हणजे सध्या एक गॅलरी आणि समोरच्या इमारतीची वाळत घातलेली धुणी. तेव्हा लिफ्ट ही त्यांच्यासाठी चैन नाही, आणि तुमच्या यजमानांचं 'आईला बरं पडेल' हे म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. मोठ्या सोसायट्यांमध्ये आत गाड्या न येणारं सपाट अंगण असतं, बाकं असतात, संध्याकाळी म्हाताऱ्या माणसांचे घोळके असतात. गुडघे दुखणाऱ्या बाईला हे फार मोठं सुख आहे.

पण ते अंगण आज आहे का? नव्या टॉवरमध्ये पहिली दोन वर्षं तिथे वाळूचे ढीग आणि फरशांची खोकी असतात. म्हणून माझी विनंती अशी की सासूबाईंना प्रत्यक्ष घेऊन जा. घर बघायला नाही, खाली चालायला. गेटमधून बाहेर पडून जवळच्या औषधाच्या दुकानापर्यंत त्यांना चालता येतं का, बघा. येत नसेल तर लिफ्ट त्यांना एकोणिसाव्या मजल्यावरून तळमजल्यावर आणेल आणि तिथेच सोडेल. 'आपण कबुतरं आहोत का' हा नकार आहे असं सगळ्यांनी गृहीत धरलंय. मला तो प्रश्न वाटतो. त्यांना कुणी सरळ विचारलंय का?

मी स्वतः २००८ च्या सुमारास वाकडला अशाच एका कोऱ्या इमारतीत पहिली भाडेकरू म्हणून राहायला गेले होते. नव्या घराचा वास, पांढऱ्याशुभ्र भिंती, मी खूश. त्या दिवाळीत सहज खाली उभी राहून आकाशकंदील मोजले. चौसष्ट फ्लॅटच्या इमारतीत नऊ. बाकीची घरं गुंतवणुकीची. दूधवाला वर यायला तयार नाही, कारण नऊ घरांसाठी त्याला परवडत नव्हतं. लिफ्टला आतून प्लायवूड ठोकलेलं, आणि ते निघायला दीड वर्ष लागलं, कारण रोज कुणाचं तरी फर्निचर वर चाललेलं. नवं घर म्हणजे कटकट नाही, या समजुतीतून मी तिथेच बाहेर पडले. तुमचं घर नवं असतं. वरचं, खालचं, बाजूचं घर अजून व्हायचं असतं. सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत फरशी कापायच्या कटरचा आवाज, आणि घरात दिवसभर कोण? मी तेव्हा नोकरीला जात होते, सुटले. तुमच्याकडे सासूबाई असतील.

पुनावळे-ताथवडे पट्ट्यात आणखी एक गोष्ट आहे: रेडी मिक्स काँक्रीटचे प्लांट आणि त्यांची धूळ. रहिवाशांच्या तक्रारी जुन्या आहेत. एकोणिसाव्या मजल्यावर डास कमी, हवा भरपूर, हे खरं. पण खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवून बघा. घर आठवडाभर बंद असेल तर धुळीचा थर खोटं बोलत नाही. खिडकीतून दिसणाऱ्या मोकळ्या प्लॉटवर काय येणार, हेही विचारा. पुनावळ्यातच कचरा डेपोसाठी जागा आरक्षित होती. लोकांनी फ्लॅट घेतल्यावर त्यांना ते कळलं, मोठं आंदोलन झालं, आणि २०२३ च्या अखेरीस तो प्रकल्प रद्द केल्याची घोषणा सरकारला विधिमंडळात करावी लागली. तेव्हा 'समोर गार्डन येणार आहे' या वाक्यावर विश्वास ठेवू नका, विकास आराखड्यात त्या जागेवर काय लिहिलंय ते बघा.

सगळ्यात महत्त्वाचं पाणी. यावर जरा रेंगाळते, कारण पत्रात पाण्याचा एक शब्द नाही, आणि कोथरूडकरांना पाण्याचा विचार करायची सवय नसते.

पिंपरी-चिंचवडला पवना धरणातून पाणी मिळतं आणि २०१९ च्या अखेरीपासून शहरात ते दिवसाआड येतंय. जुन्या भागात टाक्या आहेत, भागतं. नव्या टॉवरचं गणित वेगळं. समजा बावीस मजले, मजल्यावर सहा घरं, म्हणजे १३२ घरं. घरटी चार माणसं आणि माणशी १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचं नेहमीचं प्रमाण धरलं, तर दिवसाला ७१ हजार लिटर लागतात. दहा हजार लिटरचा एक टँकर म्हटला तर सात टँकर, रोज. आज निम्मी घरं रिकामी आहेत म्हणून तीन-चारांत भागत असेल. तुम्ही राहायला गेल्यावर घरं भरत जाणार आणि टँकरचं बिल चढत जाणार. हे बिल कोण भरतं? मालक म्हणतो मेंटेनन्समध्ये आहे, मेंटेनन्स म्हणतं 'टँकर चार्जेस वेगळे', आणि शेवटी आकडा तुमच्या मोबाइलवर येतो. म्हणून २६ हजार हे भाडं समजूच नका. भाडं, अधिक मेंटेनन्स, अधिक टँकर, अधिक जनरेटरच्या डिझेलचा वाटा, अधिक तुमचा जादा प्रवासखर्च, अशी बेरीज मांडा. कोथरूडच्या ३५ हजारांशी तुलना त्या आकड्याची करायची.

आणि फक्त किती येतं नाही, कसं येतं हेही बघा. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यालगत नांदेड गाव, किरकटवाडी या पट्ट्यात गुइलेन बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण सापडले, तेव्हा दूषित पाण्याकडे बोट गेलं होतं. ही गावं २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. वाघोली, सूस, म्हाळुंगे हीसुद्धा त्याच वेळी आलेली. तिथे नव्या टॉवरमध्ये घर बघणाऱ्या वाचकांनी हा परिच्छेद स्वतःसाठी समजावा: महापालिकेत नाव गेलं म्हणजे महापालिकेचं पाणी आलं असं नसतं. सोसायटीची टाकी शेवटची कधी धुतली आणि पाणी तपासल्याचा कागद आहे का, हे विचारायला लाजू नका.

आता कागद. तुमच्या जागी मी असते तर डिपॉझिटचा एक रुपया देण्याआधी ओसी मागितली असती, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, इमारत राहायला वापरता येईल असा महापालिकेचा दाखला. 'पझेशन सुरू झालंय' आणि 'ओसी आली' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फर्निचर करून घ्या म्हणून बिल्डर ओसीआधीच किल्ली देतो, त्याला फिट-आउट पझेशन म्हणतात, आणि घाईतला मालक तेच घर भाड्यानं लावतो. ओसी नसेल तर तिथे राहायला जाणंच नियमात बसत नाही. नळजोड, मेंटेनन्स, लिफ्ट, सगळं बिल्डरच्या मर्जीवर. कधी पार्ट ओसी असते, काही मजल्यांपुरती किंवा एकाच विंगची. एकोणिसावा मजला त्यात आहे ना, ते वाचा. महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकला की बरीच माहिती भाडेकरूलाही दिसते: बिल्डरनं पूर्णत्वाची तारीख कोणती दिली होती, ती किती वेळा पुढे गेली. 'स्विमिंग पूल पुढच्या महिन्यात सुरू' यावर किती विश्वास ठेवायचा ते तिथे कळतं.

विजेचं बिल दाखवा म्हणावं. फ्लॅटचा स्वतंत्र मीटर असेल तर महावितरणचा बारा अंकी ग्राहक क्रमांक असतो. बांधकामाच्या तात्पुरत्या जोडणीवरून वीज येत असेल तर तिथे थांबा.

उंचीबद्दल मला स्वतःला भीती नाही, पण आदर आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार आगविरोधी यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं. त्याला फॉर्म बी म्हणतात. मॅनेजरला 'शेवटचा फॉर्म बी कधीचा?' एवढंच विचारा. त्याच्या चेहऱ्यावरून पुढचं कळतं. आणि रेफ्यूज एरिया, म्हणजे आग लागल्यावर थांबायला मोकळी ठेवलेली जागा, कुठल्या मजल्यावर आहे ते जाऊन बघा. पुष्कळ ठिकाणी तिथे जुन्या सायकली आणि उरलेल्या फरशा असतात. दिवे गेल्यावर जनरेटरवर किती लिफ्ट चालतात, हेही विचारा. ज्या गुडघ्यांना तीन मजले जड जातात त्यांना एकोणीस मजले उतरायला लावणारा दिवस वर्षातून एकदा आला तरी पुरे.

इथे एक साधी गोष्ट सुचवते: त्याच टॉवरमध्ये पाचव्या-सहाव्या मजल्यावर घर का नाही? नव्या इमारतीत पहिल्या काही महिन्यांत डझनभर घरं एकदम भाड्याला निघतात. प्रत्येक मालकाचा हप्ता सुरू झालेला असतो आणि प्रत्येकाला रिकाम्या घराची धास्ती असते. अशा वेळी घासाघीस करायची ताकद तुमच्या हातात असते, एजंट काहीही म्हणो. 'आत्ताच घ्या' हे तोही म्हणतो, मीही म्हणेन. फक्त मी त्यापुढे 'आणि अटी घालून घ्या' असं जोडेन.

अटी कुठल्या? लीव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवलेलाच हवा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे, आणि नोंदवला नाही तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. खर्च थोडका आहे: एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक. तुमच्या आकड्यांना अकरा महिन्यांसाठी तो सातशे-आठशे रुपये होतो, वर शहरी हद्दीत नोंदणीचे हजार. घरबसल्या होतं. पाचशेच्या स्टँपवर नोटरी करू म्हणणाऱ्याला हात जोडा.

त्या करारात लॉक-इन वाचा, म्हणजे किती महिने घर सोडता येणार नाही ती अट. एजंटच्या छापील मसुद्यात सहा महिने असतात. त्याला अपवाद लिहून घ्या: पाणी किंवा लिफ्ट अमुक दिवस सलग बंद राहिली तर लॉक-इन लागू नाही, एक महिन्याच्या नोटिशीवर घर सोडता येईल. टँकरचा जादा खर्च ठरावीक रकमेच्या वर गेला तर तो मालकाचा. पहिल्या पावसाळ्यात भिंतीला ओल आली तर ती भाडेकरूची चूक नाही. नव्या इमारतीचा पहिला पाऊस म्हणजे परीक्षा असते, आणि कोऱ्या घराचा मालक पहिल्या ओरखड्यालाही डिपॉझिटमधून कापायला बसतो. किल्ली घ्याल त्या दिवशी भिंती, टाइल्स, ओटा, सगळ्याचे फोटो काढून मालकाला पाठवून ठेवा. आणि करारावर भाड्याच्या वाढीचा आकडा लिहून दोन वर्षांचा करार मागा. चाळीसला जाणारच असेल घर, तर निदान दोन वर्षं ते तुमच्यासाठी जाऊ नये. यजमान एचआरएची (घरभाडे भत्त्याची) करसूट घेत असतील तर मालकाचा पॅन आधीच मागून घ्या. नंतर मालक फोन उचलत नाहीत.

तुमच्या चालू घराबद्दलही एक सांगते. जुन्या कराराची मुदत तपासा. मुदत संपल्यावर घरात राहिलात तर त्याच भाडे कायद्याच्या कलम २४ प्रमाणे दुप्पट भाड्याची मागणी होऊ शकते. रिडेव्हलपमेंटमध्ये बिल्डर जे पर्यायी घराचं भाडं देतो ते मालकाला, भाडेकरूला नाही. पण तुम्ही वेळेवर घर रिकामं करणं ही मालकाची आत्ताची सगळ्यात मोठी गरज आहे. डिपॉझिट किल्ली देतानाच परत, हे आजच बोलून घ्या.

आता तुम्ही न विचारलेला प्रश्न. कोथरूड ३५ आणि पुनावळे २६, दोनच पर्याय असल्यासारखं पत्र लिहिलंय तुम्ही. मधे बावधन आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या, पाच-सात मजली, लिफ्टच्या सोसायट्या आहेत तिथे. झाडं वाढलेली, वाणी घरपोच देणारा. यजमानांना चांदणी चौक टाळून हायवेला लागता येतं, तुम्हाला वनाझची मेट्रो लांब नाही, मुलाची शाळाही कदाचित बदलावी लागणार नाही. घर कोरं नसेल. बाथरूमच्या टाइल्स जुन्या फॅशनच्या असतील, पार्किंगवरून भांडणं असतील, आणि पाण्याचं तिथेही विचारूनच घ्यायचं. पण तिथला विकास, जो काही व्हायचा तो, बऱ्यापैकी होऊन गेलाय आणि तो तुम्हाला डोळ्यांनी बघता येतो. वारज्यातही अशी घरं निघतात. एजंट ती दाखवणार नाही, कारण जुन्या सोसायट्यांतली घरं वॉचमनच्या तोंडी असतात. दोन रविवार पायी हिंडा.

तुम्ही मागासलेल्या आहात का, असं विचारलंत. मागासलेल्या नाही, तुमचा हिशेब मांडलेलाच नव्हता, म्हणून मन अडत होतं. मांडून झाल्यावर कदाचित पुनावळंच बरं दिसेल, ओसी असेल, पाणी असेल, सहावा मजला मिळेल, यजमान शाळेचे फोन घ्यायला तयार असतील. मग खुशाल जा. मला ती कोरी घरं आवडतातच. मी पहिल्यांदा खूश होऊन गेले होते, खोटं कशाला बोलू.

फक्त एकदा एजंटशिवाय जा. शनिवारी दुपारी नाही, मंगळवारी रात्री आठ वाजता. खाली उभं राहून खिडक्यांतले दिवे मोजा. लिफ्टला अजून प्लायवूड आहे का बघा. स्वयंपाकघरातला नळ पूर्ण सोडून पाच मिनिटं वाहू द्या, एक बाटली भरून घरी आणा आणि सकाळपर्यंत तशीच ठेवा, तळाला काय बसतंय ते दिसेल. आणि गेटवरच्या वॉचमनला टँकर किती वाजता येतो ते विचारा. 'येतो का' असं विचारू नका, 'किती वाजता' असंच विचारा.

सासूबाईंना बरोबर न्या. खाली चालून झाल्यावर त्या काय म्हणाल्या ते मला जरूर कळवा. तुमच्या यजमानांपेक्षा त्यांचंच मत ऐकायची मला जास्त उत्सुकता आहे.